ताशी २०६ चा वेग, तरी राईड पाडली! धडाक्यात लॉन्च करणाऱ्यांनी जरा थांबून वाचा



मागच्या रविवारचा 'ओपनिंग ऑफर कशी ठरवावी' हा व्हिडिओ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. त्याच्याखाली एका मुलाची कमेंट आली. नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावात तो मिसळ-नाश्त्याचं दुकान काढतोय. स्वतःचे साठवलेले आणि वडिलांच्या पीएफमधले मिळून ९ लाख रुपये. त्यातले ४ लाख ८० हजार गाळ्याचं डिपॉझिट, भट्टी, फ्रिज, भांडी आणि टेबल-खुर्च्या यात गेले. राहिले ४ लाख २० हजार. त्यातले साडेतीन लाख त्याला ओपनिंगच्या चार दिवसांवर घालायचे आहेत. ढोल-ताशा, दोन इन्स्टावाले, चौकाचौकात फ्लेक्स आणि पहिल्या १००० प्लेट फुकट. वर लिहितो, "सर, रोलर कोस्टरसारखा लॉन्च पाहिजे. झिरो टू हंड्रेड. लोकांनी बघतच राहिलं पाहिजे."

त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, ब्लॉगवरच टाकू. शिवाय रोलर कोस्टर हा शब्द त्यानं काढला ते एका अर्थी बरंच झालं. धंद्यात पडायच्या आधी मी सहा वर्षं भोसरीत हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला होतो. जगातले सगळ्यात वेगवान कोस्टर बरीच वर्षं ज्या यंत्रावर उडत होते, ते आमच्या प्रेसचंच चुलत भावंड. तेव्हापासून या राईडींचा मला नाद आहे. बसायला मी घाबरतो, ती गोष्ट वेगळी!

तर आधी लॉन्च म्हणजे नक्की काय, ते बघू.

साधा कोस्टर साखळीवर चालतो. खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रोवर बसला असाल तर आठवा. कट-कट-कट आवाज करत गाडी हळूहळू वर जाते, माथ्यावर साखळी तिला सोडते आणि पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. लॉन्च कोस्टरचं उलटं असतं. गाडी सपाट रुळावर उभी असते. उभ्या जागेवरून तिला ओढतात किंवा ढकलतात, आणि समोरचा डोंगर तिनं त्या वेगाच्या जोरावर चढायचा. साखळीचं काम म्हणजे महिन्याच्या महिन्याला भिशी भरल्यासारखं. लॉन्च म्हणजे सगळी शिल्लक एका दिवसात मोडणं.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात जॅक्सन इथं सिक्स फ्लॅग्स ग्रेट ॲडव्हेंचर नावाचं पार्क आहे. तिथं मे २००५ मध्ये 'किंगडा का' सुरू झाली. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची, इंटामिन. उंची १३९ मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजली इमारत धरा. आणि वेग? उभ्या गाडीपासून ताशी २०६ किलोमीटर, तेही साडेतीन सेकंदांत. उघडली तेव्हा ती जगातली सर्वात उंच आणि सर्वात वेगवान रोलर कोस्टर होती. अख्खी राईड अर्ध्या मिनिटात संपायची.

हे जमायचं कसं? दोन लॉन्चच्या मधल्या वेळात पंप तेल ढकलत राहतात. ते तेल मोठमोठ्या सिलिंडरमधल्या नायट्रोजनला दाबत जातं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं बंद करून दांडा दाबून बघा, हाताला जो उलटा जोर लागतो तोच हा साठा. लॉन्चच्या क्षणी सगळा दाब एकदम सोडतात. तेल मोटारींमधून धावतं, मोटारी एक भला थोरला ड्रम फिरवतात, ड्रमवर वायररोप गुंडाळला जातो आणि त्या रोपला जोडलेली स्लेड गाडीला ओढत नेते. त्या घटकेला यंत्राची ताकद २०,८०० हॉर्सपॉवरपर्यंत जायची, असं सांगतात. आपल्याकडे मालगाडी ओढणारं डब्ल्यूएजी-९ इंजिन सहा हजारांच्या जरा वर असतं. म्हणजे तीन इंजिनांपेक्षा जास्त ताकद. कशासाठी, तर १८ माणसं बसलेली एक गाडी साडेतीन सेकंद ओढायला.

आता हेच सगळं मेंटेनन्सवाल्याच्या नजरेनं बघा. तेल, सील, पंप, रोप, पुली, ड्रम, स्लेड. प्रत्येक लॉन्चला या सगळ्यांना एकाच वेळी हिसका. आमचा प्रेस याच्यापुढे अगदीच गरीब, तरी सील गळायला लागला की शिफ्ट बुडायची आणि मालक डोक्यावर येऊन उभा राहायचा.

किंगडा का उघडून तीन आठवडेही झाले नव्हते. जून २००५ मध्ये रोप ज्या चरातून धावतो तिथला एक बोल्ट निकामी झाला, आतलं अस्तर सुटलं आणि रोप त्याला घासायला लागला. राईड बंद. पुन्हा सुरू झाली ती ऑगस्टमध्ये. ऐन उन्हाळी सुट्टीचे जवळजवळ दोन महिने गेले. तुमच्या भाषेत सांगायचं तर दुकान नवरात्रात उघडलं आणि दिवाळीभर शटर खाली!

याच जातीची पहिली राईड कॅलिफोर्नियातली. नॉट्स बेरी फार्मची 'एक्सेलरेटर', २००२ ची. २००९ मध्ये तिचा लॉन्चचा रोप तुटला आणि गाडीतल्या माणसांना इजा झाली. ओहायोतल्या सीडर पॉइंटची 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' २००३ ची, १२८ मीटर उंच, ताशी १९३ किलोमीटर. ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या गाडीचा एक धातूचा तुकडा सुटला आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या बाईंच्या डोक्याला लागला. गंभीर दुखापत. लक्षात घ्या, त्या बाई राईडमध्ये बसल्यासुद्धा नव्हत्या. नुसत्या नंबर लावून उभ्या होत्या. ती राईड जुन्या रूपात पुन्हा कधी सुरू झाली नाही.

आणि किंगडा का? जुलै २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्स आणि सीडर पॉइंटची मालक कंपनी एकत्र झाल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये किंगडा का बंद केल्याचं जाहीर झालं आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून ती पाडली. नवी राईड आणायची आहे, असं कंपनीनं सांगितलं. माझं मत विचाराल तर, जी राईड भरवशानं चालते आणि जिच्यावर गल्ला भरतो ती कोणी सुरुंगानं उडवत नाही. नव्या मालकानं वह्या उघडल्या असतील आणि कुठल्या खात्यावर किती बिलं पडतात ते बघितलं असेल. हा माझा अंदाज. पण मेंटेनन्सची बिलं ज्यानं पास करून घेतलीत त्याला असे अंदाज बांधायची सवय लागते.

आता कोणी म्हणेल, सर, १९ वर्षं चालली की! खरंय. तिला फेल म्हणायचा माझा अजिबात इरादा नाही. त्या आकड्याच्या जोरावर लांबलांबून लोक आले. याच हायड्रॉलिक पद्धतीवरची अबू धाबीची फॉर्म्युला रोसा २०१० मध्ये आली. ४.९ सेकंदांत ताशी २४० किलोमीटर, डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून बसणाऱ्याला गॉगल लावायला देतात. तेव्हा जोरात लॉन्च करणं हाच गुन्हा आहे, असं मी म्हणत नाही. ज्याच्या मागे अख्खं पार्क आहे, बाकीच्या तीस-चाळीस राईडी रोजचा गल्ला आणतायत, तो अशी एक राईड पोसू शकतो. तुमच्याकडे एकच राईड आहे. ती बंद म्हणजे पार्क बंद.

चार दिवस चाललेली राईड

हा किस्सा मी वर्कशॉपमध्ये नेहमी सांगतो, कारण त्यात सगळं आलं.

जर्मनीत नुर्बर्गरिंग नावाची मोटार शर्यतीची जुनी, जगप्रसिद्ध जागा आहे. तिथल्या राज्य सरकारच्या कंपनीनं ठरवलं की नुसत्या शर्यतींवर भागणार नाही, हॉटेलं, हॉल, मनोरंजन असं मोठं संकुल उभारायचं. त्याचा मुकुटमणी म्हणजे 'रिंगरेसर' नावाची कोस्टर. रेसिंग ट्रॅकच्या कडेनं धावणार, फॉर्म्युला वन गाडीसारखी सुटणार, वेग ताशी २१७ किलोमीटर! हिचं लॉन्च दाबलेल्या हवेवर होतं. टाक्यांत हवा दाबून भरायची आणि एका फटक्यात सोडायची. तेलापेक्षाही झटका मोठा.

२००९ मध्ये संकुल उघडलं, राईड तयार नव्हती. त्याच सप्टेंबरमध्ये चाचण्या चालू असताना हवेच्या यंत्रणेत स्फोट झाला. मग दुरुस्ती, परवानग्या, पुन्हा चाचण्या. वर्षामागून वर्षं. २०१२ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. राईड शेवटी ३१ ऑक्टोबर २०१३ ला लोकांसाठी उघडली. चार दिवस चालली आणि बंद झाली. कायमची.

चार वर्षं वाट बघितली, चार दिवस धंदा केला. आणि पैसा कोणाचा? लोकांच्या कराचा. आपल्या त्या मुलाकडे कराचा पैसा नाही, वडिलांचा पीएफ आहे. त्याच्या ओपनिंगचे दिवसही चारच आहेत, हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

दाबलेल्या हवेवरचीच दुसरी राईड जपानची. फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजी-क्यू हायलँड पार्क आहे, तिथं २००१ मध्ये 'डोडोनपा' आली. १.८ सेकंदांत ताशी १७२ किलोमीटर. चांगली चालली होती. २०१७ मध्ये नूतनीकरण करून ती 'डो-डोडोनपा' झाली. १.५६ सेकंदांत १८०. म्हणजे वेगात फक्त ८ किलोमीटरची भर, पण जाहिरातीला नवा आकडा मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बसणाऱ्यांना हाडं मोडल्याच्या तक्रारी पुढे आल्यावर राईड बंद ठेवली आणि मार्च २०२४ मध्ये कायमची बंद केल्याचं जाहीर केलं. त्या ८ किलोमीटरमुळेच हाडं मोडली, असं मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा माझ्यापाशी नाही. मला एवढंच विचारायचंय, १७२ ला बसून खूश होऊन उतरलेल्या गिऱ्हाईकानं वरचे ८ मागितले होते का?

मागे येणारी गाडी

या सगळ्या राईडींमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगाची नाहीच. ती आहे रोलबॅक.

किंगडा कासारख्या राईडवर कधीकधी वारा उलटा असतो, हवा गार असते, लॉन्च किंचित कमी पडतो. गाडी त्या पंचेचाळीस मजली कड्यावर चढते, माथ्याच्या अगदी जवळ जाते, थांबते... आणि उलटी खाली यायला लागते. बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पण बनवणाऱ्यानं हे पहिल्या दिवसापासून धरलेलंच असतं. लॉन्चच्या रुळावर धातूच्या पट्ट्यांच्या ओळी असतात. लॉन्चच्या वेळी त्या खाली जातात आणि गाडी पुढे गेली रे गेली की लगेच वर येतात. उलट आलेल्या गाडीखालचे चुंबक त्या पट्ट्यांवरून सरकले की पट्ट्यांमध्ये वीजप्रवाह तयार होतो, तोच गाडीला विरोध करतो आणि गाडी मऊपणे थांबते. याला बाहेरची वीज लागत नाही. पार्कची लाईट गेली तरी ब्रेक लागणार. मग काय, गाडी पुन्हा लायनीत आणायची आणि पुन्हा लॉन्च करायचं. बसलेली माणसं उलट खूश होतात, एका तिकिटात दोनदा!

विचार करा. ज्यांनी जगातली सर्वात उंच राईड बांधली त्यांनी आपली गाडी माथ्यावर पोचणार नाही, हे गृहीत धरून पैसे खर्च केले होते. आणि आपण? मिसळीच्या दुकानाच्या कागदावर सगळे आकडे पोचलेल्या गाडीचे. पहिल्या महिन्यात इतका गल्ला, दुसऱ्यात इतका. न पोचलेल्या गाडीचा कागदच नाही.

माझ्याकडेही नव्हता. नोकरी सोडल्यावर मी ठाण्यात घरपोच जेवणाचे डबे सुरू केले होते. पहिला आठवडा अर्ध्या किमतीत! सोसायट्यांच्या गेटवर पत्रकं वाटली, ओळखीच्या ओळखी काढल्या. स्वयंपाकघराची ताकद ४० डब्यांची. तिसऱ्या दिवशी ऑर्डर आल्या १७०. मला वाटलं, जिंकलो. पोळ्या करणाऱ्या दोन मावशी सकाळी सहापासून उभ्या. डबे दीडऐवजी साडेतीनला पोचले, भाजी संपली म्हणून काहींना नुसती आमटी. चौथ्या दिवशी एका मावशींनी यायचंच बंद केलं, आणि त्यांचं बरोबर होतं. महिना संपला तेव्हा माझ्याकडे २२ गिऱ्हाईकं उरली होती आणि बँकेत घरभाड्यापुरतेही पैसे नव्हते. बायकोनं भिशी उचलून भाडं भरलं. माझे रोलबॅकचे ब्रेक म्हणजे तिची भिशी. मी बसवलेले नव्हते, नशिबानं होते.

माल चांगला होता हो. आजही कोणी जुनं गिऱ्हाईक भेटलं की मावशींच्या पोळ्यांचं नाव काढतं. पण १७० जणांपैकी दीडशे जणांनी माझा सगळ्यात वाईट डबा खाल्ला, आणि तोही मीच जाहिरात करून बोलावून खाऊ घातला.

मग आज जगात काय चालतं?

आता गंमत बघा. ज्या तंत्रानं हायड्रॉलिकला बाजूला केलं ते नवीन नाही, हायड्रॉलिकच्या आधीचं आहे. १९९६ मध्येच अमेरिकेत किंग्ज आयलंड आणि किंग्ज डोमिनियन या पार्कांत विजेच्या सरळ मोटारीवर सुटणाऱ्या कोस्टर आल्या. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्डची 'टॉवर ऑफ टेरर' आणि कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनची 'सुपरमॅन' या दोघी त्याच घराण्यातल्या तंत्रावर ताशी १६१ किलोमीटरपर्यंत पोचल्या. सुपरमॅनला तिथवर जायला सात सेकंद लागायचे.

त्या यंत्राला म्हणतात लिनिअर सिंक्रोनस मोटर, सगळे एलएसएम म्हणतात. घरी वीज वाचवणारा बीएलडीसी पंखा असेल तर त्याची मोटर डोळ्यांपुढे आणा. आत गुंडाळ्या आणि चुंबक. ती मोटर कापून रुळावर सरळ पसरली, असं समजा. रुळावर ओळीनं गुंडाळ्या, गाडीखाली चुंबक. गाडी जसजशी पुढे येते तसतशा समोरच्या गुंडाळ्या चालू होतात, गाडीला ओढतात, मागच्या ढकलतात. रोप नाही, ड्रम नाही, तेल नाही. घासणारा भागच जवळजवळ नाही. इमॅजिकातली 'डीप स्पेस' ही अंधारातली राईडसुद्धा लॉन्चवालीच आहे, बसला असाल तर तो धक्का आठवेल.

मग २००२ ते २०१० या काळात हायड्रॉलिक का आलं? कारण तेव्हा एका झटक्यात तेवढा मोठा जोर विजेतून काढणं अवघड आणि महाग होतं, तेल-नायट्रोजनमध्ये साठवणं सोपं. पुढे वीज हाताळणारी उपकरणं सुधारली आणि एलएसएम परत आलं. स्पेनमधल्या फेरारी लँडची 'रेड फोर्स' २०१७ मध्ये त्यावरच ताशी १८० ला पोचली.

माझ्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. ओहायोच्या त्या बंद पडलेल्या ड्रॅगस्टरचं काय झालं? तिला एलएसएम लावून 'टॉप थ्रिल २' केली. उंची तीच, शेवटचा वेगही तोच. पण एका झटक्याऐवजी तीन ढकल. पहिल्यांदा पुढे, ताशी ११९ किलोमीटर. गाडी कड्यावर अर्धवट चढते आणि मागे येते. म्हणजे रोलबॅकच, पण आता ठरवून केलेला! मागे येताना दुसरी ढकल, १६३, आणि गाडी मागच्या उभ्या मनोऱ्यावर चढते. तिथून खाली येताना तिसरी ढकल, १९३, आणि मग माथा पार. आधीच्या ढकलीनं कमावलेलं वाया जात नाही, त्याच्यावर पुढची ढकल बसते.

एलएसएम म्हणजे जादू, असंही समजू नका. टॉप थ्रिल २ मे २०२४ मध्ये उघडली आणि आठवड्याभरातच बंद ठेवावी लागली, अख्खा सीझन गेला. अडचण गाड्यांमध्ये होती, लॉन्चमध्ये नव्हती. २०२५ मध्ये परत सुरू झाली. म्हणजे भट्टी नवी घेतली आणि वाढप्याला ट्रेनिंग नाही, तर दुकान तरीही अडकतं.

आणि आजचा रेकॉर्ड? २०२५ च्या अखेरीस सौदी अरेबियात रियाधजवळ किद्दिया इथं 'फाल्कन्स फ्लाइट' उघडली. ताशी २५० किलोमीटर, रूळ चार किलोमीटरहून लांब. फॉर्म्युला रोसाचा पंधरा वर्षांचा रेकॉर्ड तिनं मोडला. तिचा वेगही एका फटक्यातला नाही. वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी एलएसएमचे टप्पे आहेत, गाडी थोडी धावते, पुन्हा ढकल, पुन्हा धावते.

म्हणून मी या नव्या राईडींच्या बाजूचा. एका झटक्यात सगळा दाब सोडणारं यंत्र बघायला भारी असतं, पण त्यात चूक झाली तर दुसरी ढकल द्यायला काही उरत नाही.

अपवाद आहेत. फटाक्यांचा स्टॉल, राख्या, जत्रेतलं दुकान, यांचा सीझनच पंधरा दिवसांचा. तिथं हळूहळू ढकलत बसलात तर सीझन संपेल. तिथं झटकाच द्यायचा. मिसळ बारा महिने विकायची असते.

आता तुझा हिशेब, मित्रा

तू दुसऱ्या कमेंटमध्ये आकडे दिलेस, त्यावरूनच सांगतो. भाडं १४ हजार, दोन पोरांचा पगार २४ हजार, लाईट, गॅस आणि किरकोळ १६ हजार. महिन्याला ५४ हजार, दुकानात चिटपाखरू आलं नाही तरी. प्लेट ८० ची, कच्चा माल ३५ चा. प्लेटमागे ४५ सुटतात. ५४ हजाराला ४५ नं भाग. महिन्याला १२०० प्लेट, दिवसाला ४०. एवढ्या खपल्या की ना नफा ना तोटा. तुझा स्वतःचा पगार त्यात नाही, हे विसरू नकोस.

साडेतीन लाख ओपनिंगला गेले की तुझ्याकडे उरतात ७० हजार. म्हणजे सव्वा महिना. सव्वा महिन्यात रोजच्या ४० प्लेट बसल्या नाहीत तर गाडी उलटी यायला लागेल, आणि खाली ब्रेक नाही.

मी असं करीन. ४ महिन्यांचा खर्च, ५४ हजार गुणिले ४, म्हणजे २ लाख १६ हजार, वेगळ्या खात्यात टाकीन. त्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही. पासबुक वडिलांकडे. उरतात २ लाख ४ हजार, त्यांचे तीन भाग.

पहिली ढकल ६० हजारांची. फ्लेक्स आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्यांपुरते, फुकट प्लेट हजार नव्हे, शंभर, त्याही समोरच्या दुकानदारांना, बँकेतल्या स्टाफला, रिक्षा स्टँडवर. आणि हातात घड्याळ ठेव. ऑर्डर दिल्यापासून प्लेट टेबलवर यायला किती मिनिटं? तासाला भट्टीवर किती निघतात? दहा माणसं एकदम आली तर काय कोलमडतं? माझ्या डब्यांच्या वेळी मी हे मोजलं असतं तर १७० ऑर्डर घेतल्याच नसत्या.

दुसरी ढकल, पुन्हा ६० हजार, ती कधी? आलेल्यातली माणसं स्वतःहून परत येतायत आणि लागोपाठ दोन आठवडे ४० प्लेट सुटतायत, तेव्हा. इन्स्टावाला तेव्हा बोलव, एकच. रांग लागली तरी तुझी पोरं सांभाळतील, हे तोपर्यंत तुला कळलेलं असेल. आणि तिसरी, ८४ हजारांची, गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा कर काय धमाका करायचा तो.

दोन आठवडे ४० चा आकडा आलाच नाही, तर दुसरी ढकल द्यायची नाही. गाडी खाली येऊ दे, थांबव, तर्री बघ, भाव बघ, वेळ बघ, वाटल्यास सकाळी सातऐवजी सहाला उघडून बघ, आणि पुन्हा लाव. वेगळ्या खात्यातले पैसे त्याच्यासाठीच आहेत.

यातलं काही पटलं नसेल तर खाली भांड, चालेल. तुझ्या गावाचा बाजार तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बुधवारच्या लाईव्हला तुझेच आकडे घेऊन बसणार आहे, नाव न घेता. बाकीच्यांनीही आपापला महिन्याचा बांधील खर्च कागदावर लिहून आणा, त्याला प्लेटमागे किंवा नगामागे सुटणाऱ्या पैशानं भागा आणि उत्तर कमेंटमध्ये टाका.

आणि हो, ढोल-ताशा ठेव रे. एकच पथक, एक तास. तेवढा आनंद आई-वडिलांचाही आहे.